दोरवाली आहे, पिळणारच

एक गाव मनात आणा. लहानसंच. मधून नदी, नदीवर मोडका पूल, अलीकडे पलीकडे थोडी घरं. तुम्ही वेशीतून आत पाऊल टाकलं की सगळं गाव हलू लागतं. लोहार घण उचलतो, कोंबड्या पळतात, खिडकीतली म्हातारी तुमच्याकडे बघून हसते. तुम्ही पाठ फिरवलीत की घण हवेत तसाच राहतो. तुम्ही परत येईपर्यंत तिथे कुणाला भूक लागत नाही, कुणाचं कुणाशी बिनसत नाही, कुणाला झोपही येत नाही. सगळे जिथल्या तिथे उभे, तुमची वाट बघत.

आवडेल असं गाव? उत्तराची घाई करू नका. गोष्ट संपली की सांगा, आणि मला नाही सांगितलंत तरी चालेल.

असं एक गाव संगणकावरच्या खेळात होतं. खेळ अजून पुरा झाला नव्हता. त्यात तुम्ही नवखे म्हणून गावात यायचं, पूल दुरुस्त करायचा, जमीन कसायची, माणसं जोडायची. त्या माणसांत एक जण अशी, की तिच्याशी ओळख वाढत वाढत जीव जडतो आणि शेवटी दोघं मिळून घर मांडतात. खेळ बनवणारे तिला ‘प्रेमपात्र’ म्हणत. पात्र हा आपला मोठा गमतीचा शब्द आहे. नाटकातला माणूस म्हणजे पात्र, नदी वाहते तेही पात्र, आणि स्वयंपाकघरातलं भांडं म्हणजेही पात्रच. या खेळातलं प्रेमपात्र यातलं नेमकं कोणतं, यावरून ही सगळी गोष्ट घडली.

हे प्रेमपात्र दोर वळायचं काम करत असे, म्हणून सगळे तिला दोरवाली म्हणत. आणि तिचा आवाज होता एका सातवीतल्या मुलीच्या आत्याचा.

या मुलीला घरी टकळी म्हणत. सूत काढायची टकळी जशी फिरत राहते तशी हिची जीभ. कुणी काही बोललं की त्यावर हिचं उत्तर तयार, आणि ते उत्तर ऐकून माणसं हसत. माणसांना हसवता येणं ही छान गोष्ट आहे. पण त्याची चटक लागते, आणि ती टकळीला लागली होती.

आत्या तिच्या बाबांची धाकटी बहीण. घरातली मागची खोली तिची. आवाज देणं हाच तिचा व्यवसाय होता. लिफ्ट ‘दार बंद होत आहे’ म्हणते ना, ते कुणीतरी आधी म्हणून ठेवलेलं असतं. शहरातल्या बऱ्याचशा लिफ्टमध्ये ते आत्याने म्हटलेलं होतं. मोठ्या दवाखान्यात रुग्णांना तीच आत बोलवी. फोनवर ‘आपण रांगेत आहात’ हेही तीच सांगे. बाबा म्हणत, आमची बहीण अख्ख्या शहराला थांबवते, घरी मात्र कुत्रं तिला विचारत नाही. आत्या यावर हसे, पण थोडं कमीच हसे. इतकी वर्षं बोलूनही आपण कधी कुणी म्हणून बोललोच नाही, असं ती एकदा आईपाशी म्हणाली होती. लिफ्टला कुठे मन असतं?

म्हणून दोरवालीचं काम मिळालं तेव्हा आत्याचे पाय जमिनीवर नव्हते. वर तिला असंही सांगण्यात आलं, की दोरवालीच्या तोंडची काही किरकोळ वाक्यं तुम्हीच लिहा, आम्हाला वेळ नाही. आत्याने ते किरकोळ काम मनावर घेतलं. तिने ताग विकत आणला. दोन पेड दाराच्या कडीला बांधले आणि टकळीला दुसऱ्या टोकाला उभं केलं. दोर कसा होतो, माहीत आहे? दोन्ही पेड एका दिशेने पिळायचे आणि मग एकमेकांभोवती उलट्या दिशेने. पेड उलगडायला बघतात, आणि त्या ओढाताणीतच एकमेकांना धरून बसतात. मध्येच हात सोडला तर सगळं भसकन सुटतं. हे टकळीला चांगलंच कळलं, कारण तिने हात सोडला होता. आत्या रागावली नाही. तिने त्याचंच दोरवालीसाठी वाक्य केलं.

खेळणारा दोरवालीकडे काही भेट घेऊन गेला की ती म्हणे, “थांब जरा. हातात पीळ आहे, सोडला तर उलगडेल.” आणि खेळणाऱ्याला खरोखरच थांबावं लागे. तिचा दोर पुरा होईपर्यंत ती मान वर करत नसे. अशी आणखी पुष्कळ वाक्यं आत्याने लिहिली. कालच्या पावसाने दोर भिजला आणि मी दिवसभर त्याच्याशी भांडले, शेवटी तोच जिंकला. भावाला जाड दोर आवडतो, मला बारीक, म्हणून आम्ही जेवताना बोलत नाही. पूल झाला तर पलीकडच्या गावातला दोरवाला इकडे येईल, मला त्याची भीती वाटते. टकळी ओट्याला टेकून ही वाक्यं ऐके आणि तिला वाटे, ही बाई आपण गावात जाण्याच्या आधीपासून तिथे आहे.

आता एक अडचण सांगतो, ती आपल्या भाषेतच होऊ शकते. खेळणारा मुलगाही असू शकतो आणि मुलगीही. म्हणजे दोरवालीने त्याला ‘आलास?’ म्हणायचं आणि तिला ‘आलीस?’. खेळणाऱ्याबद्दलचं जवळजवळ प्रत्येक वाक्य दोनदा म्हणून ठेवायला लागे. दमलास, दमलीस. विसरलास, विसरलीस. हा व्याप टाळायला खेळ बनवणाऱ्यांनी आधी ‘येणं झालं का?’ असं लिहून पाहिलं. ते आत्याने घरी म्हणून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, ही प्रेम करते आहे की व्याह्यांचं स्वागत? शेवटी दोनदाच म्हणायचं ठरलं. दोरवाली स्वतःबद्दल बोले ती वाक्यं मात्र एकदाच म्हटली की काम झालं. भिजले, भांडले, हरले. समोर कोण उभं आहे याने त्यात काही फरक पडत नव्हता.

खेळ निम्मा झाला तेव्हा तो मुलांना देऊन पाहायचं ठरलं. टकळी ज्या संगणकाच्या वर्गाला जाई तिथल्या सरांना विचारणा झाली आणि सर काही मुलांना घेऊन खेळ बनवणाऱ्यांच्या कचेरीत गेले. घरी एवढंच कळलं, की वर्गाची कुठेतरी भेट आहे. कुठे जायचं ते टकळीला ठाऊक होतं. आत्याला न सांगता जायचं, खेळात तिचा आवाज ऐकायचा आणि संध्याकाळी तिलाच चकित करायचं, असा तिचा बेत होता. बेतात काही वाईट नव्हतं.

कचेरीत त्यांना एक चष्मेवाला दादा भेटला. मुलांकडून खेळ तपासून घेणं हे त्याचं काम, म्हणून मुलांनी त्याला लगेच चाचणीदादा करून टाकलं. मोठा गोड माणूस. त्याने आधीच विचारून घेतलं, की तुमच्यापैकी कुणाचं कुणी इथे कामाला आहे का, कारण तसं असेल तर त्याला खेळता येणार नाही. घरच्या माणसाच्या कामाबद्दल कुणी खरं बोलत नाही, असं तो हसत म्हणाला. टकळीने हात वर केला नाही. हात वर केला असता तर बाहेरच्या बाकावर बसून राहावं लागलं असतं. तिने स्वतःची समजूत घातली, की आत्या इथे रोज थोडीच येते, मग ती कामाला कशी?

सगळे खेळू लागले. टकळी नदीकाठी पोचली आणि दोरवालीने तोंड उघडलं. टकळीच्या अंगावर काटा आला. घरातल्या मागच्या खोलीतला आवाज त्या अनोळखी खोलीत, अनोळखी मुलांच्या कानात बोलत होता. तिला उठून सांगावंसं वाटलं, ही माझी आत्या आहे.

तेवढ्यात शेजारच्या मुलाने सुस्कारा टाकला. हा नववीतला, उंच, सगळ्या वर्गाचा म्होरक्या. त्याला सगळे लंबू म्हणत आणि त्याच्याकडे बघून आपलं मत ठरवत. दोरवालीने त्याला थांबायला सांगितलं होतं. तो पुढे ढकलायचं बटण सारखं दाबत होता आणि म्हणत होता, मी हिला फुलं आणून दिली आणि ही मलाच उभं करते, काय शिष्ट बाई आहे. दोघंतिघं फिदीफिदी हसले. एका मुलीने विचारलं, हा आवाज कुठेतरी ऐकलाय ना, लिफ्टमध्ये? सगळ्यांच्या माना टकळीकडे वळल्यात असा तिला भास झाला. खरं तर कुणी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. पण तिच्या कानशिलांना चटका बसला, आणि पुढच्या क्षणी तिच्या जिभेने नेहमीचं काम केलं.

“दोरवाली आहे,” ती म्हणाली, “पिळणारच.”

खोली खदखदून हसली. लंबूने टाळी दिली, आणि लंबूची टाळी कुणाला सहज मिळत नसे. चाचणीदादाने चष्मा काढून डोळे पुसले आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग विचारलं, म्हणजे तुला कंटाळा येतो का गं ती स्वतःचं बोलते तेव्हा? सगळे बघत होते. टकळी म्हणाली, हो, खूप. ती आपल्याबद्दल बोलते तेवढंच बरं वाटतं.

हे दुसरं वाक्य खोटं होतं. पहिलं तर नुसती कोटी होती, कोटी खरी किंवा खोटी नसते. पण दुसरं वाक्य तिने विचारल्यावर, नीट, पूर्ण सांगितलं.

त्या संध्याकाळी आत्याला चकित करायचं राहून गेलं. दार उघडून आत्यानेच विचारलं, कशी झाली तुमची भेट? टकळीने बरी झाली म्हटलं आणि पाय धुवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. पुढचे काही दिवस ती घरात आत्याच्या वाटेत येईना. आत्या पुढच्या खोलीत आली की हिला मागच्या अंगणात काहीतरी काम निघे. आई म्हणाली, पोरीची टकळी थांबली, ताप आहे का बघा. तापबिप काही नव्हता.

मग एकदा जेवताना आत्याने सांगितलं, की दोरवालीची वाक्यं काढली. आत्या अगदी साध्या आवाजात सांगत होती, जशी ती लिफ्टमध्ये बोले. मुलांना खेळ देऊन पाहिला म्हणे. ती स्वतःचं बोलते ते मुलांना नको आहे. आता ‘थांब जरा’ नाही, भाऊ नाही, पलीकडचा दोरवाला नाही. त्या जागी खेळणाऱ्याबद्दलची वाक्यं वाढवायची, आलास-आलीस करून दोन्ही. खेळणारा आला की हिने उजळायचं, गेला की विझायचं.

बाबांनी विचारलं, तू काही म्हणाली नाहीस?

आत्या म्हणाली, “म्हटलं ना. खेळणारा आला नाही त्या दिवशी ही काय करते, तेवढं मला सांगा. तर म्हणाले, तो आला नाही त्या दिवशी ती नसतेच. प्रेमपात्र रिकामं हवं, खेळणाऱ्याने त्यात आपलं प्रेम ओतायचं. मी म्हटलं, अहो, मला भांडंच व्हायचं होतं तर लिफ्ट काय वाईट होती?”

बाबा हसले, आई हसली नाही.

आणि आत्या पुढे म्हणाली, की एका गोष्टीला मात्र मानलं. चाचणीला आलेलं कुठलं पोर म्हणालं म्हणे, दोरवाली आहे, पिळणारच. साऱ्या कचेरीत तेच चाललंय. मोठे साहेबसुद्धा बैठकीत तेच म्हणाले आणि पुढे चर्चाच झाली नाही, सगळे हसले आणि वाक्यं गेली. आत्याने पाण्याचा घोट घेतला. “खरं सांगू? कोटी फक्कड आहे. आपल्या टकळीला शोभली असती.”

बाबांनी टकळीच्या पाठीवर थाप मारली. कौतुकाचीच होती ती. टकळीला वाटलं, आता आपण पाटावरून उठलो तर सगळ्यांना दिसेल, आणि नाही उठलो तरी दिसेल. मान वर करायची सोय नव्हती. आत्या तिच्याकडेच बघून हसत असणार, हे तिला न बघता कळत होतं, आणि त्या हसण्यात संशयाचा मागमूसही नसणार हेही. कुणी रागावलं असतं तर सोसलं असतं. शाबासकी सोसत नव्हती.

सांगायचं तिने तेव्हाच ठरवलं. पण ठरवणं आणि सांगणं यात केवढं अंतर असतं, ते तुम्हालाही माहीत असेल. ती आत्याच्या दारापर्यंत जाई आणि पेन मागून परत येई. असे तिच्याकडे आत्याचे बरेच पेन जमले.

सुट्टीच्या दिवशी आत्या म्हणाली, चल माझ्याबरोबर, आज नवीन वाक्यांचं रेकॉर्डिंग आहे, एकटीला जायचा कंटाळा आलाय. टकळीने पोट दुखतं म्हणून पाहिलं. आत्या म्हणाली, तिथे बसून दुखू दे. चाचणीदादाची खोली वरच्या मजल्यावर असते, तो काही खाली येणार नाही, असा हिशोब करून टकळी निघाली.

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे शेजारी शेजारी दोन खोल्या, मध्ये जाड काच. आतल्या खोलीत आत्या, कानांवर हेडफोन, तोंडासमोर माइक. बाहेरच्या खोलीत यंत्रांपुढे रेकॉर्डिंगवाली ताई, आणि तिच्या मागे खुर्चीवर टकळी. आतलं बाहेर सतत ऐकू येई. बाहेरचं आत जायचं तर ताईला एक लाल बटण दाबून बोलावं लागे, आणि ती बटण दाबून असेपर्यंत आतला आवाज बाहेर बंद होई. दोन्हीकडून एकाच वेळी बोलायची सोय नव्हती. ताईने हे टकळीला हौसेने समजावलं. एरवी टकळीने शंभर प्रश्न विचारले असते.

आत्या बोलू लागली. “आलास? तुझीच वाट बघत होते.” मग थोडं थांबून, तितक्याच गोड आवाजात, “आलीस? तुझीच वाट बघत होते.” किती छान दिसतोस, किती छान दिसतेस. तू नव्हतास तर करमलं नाही, तू नव्हतीस तर करमलं नाही. आवाजात कुठे खोट काढायला जागा नव्हती. आत्या आपलं काम चोख करत होती. पण टकळीने काचेतून पाहिलं तेव्हा तिला दिसलं, की आत्याचे हात मोकळे लटकत होते. आधी घरी दोरवाली म्हणून बोलताना आत्याचे हात नुसते राहत नसत, काही ना काही पिळत असत.

तेवढ्यात दार उघडलं आणि हातात चहाचा कप घेऊन चाचणीदादा आत आला. कसं चाललंय ते बघायला. त्याची नजर टकळीवर पडली आणि त्याचा चेहरा फुलला.

“अरे, ही तर आपली पिळणारच!”

टकळीने मान खाली घातली. चाचणीदादाला वाटलं, पोरगी लाजली. त्याने वाकून लाल बटण दाबलं आणि आत सांगितलं, “मॅडम, तुम्हाला म्हणत होतो ना, ती कोटी. ही बघा, हिनेच केली.”

काचेपलीकडे आत्याने मान वळवली. तिने टकळीकडे पाहिलं. रागाने नाही, दुःखानेही नाही. एखादा शब्द ऐकू आला नाही की माणूस पाहतो तसं. मग तिने मान परत माइककडे वळवली. बाहेरच्या खोलीत तिचा श्वास ऐकू आला.

मग ती म्हणाली, पुढचं घेऊ या. आणि पुढचं वाक्य तिने म्हटलं, जसंच्या तसं, एकही सूर इकडचा तिकडे न होता.

“आलीस? तुझ्याशिवाय माझं आहे तरी कोण?”

हे वाक्य दोरवालीचं होतं. कागदावर तसंच लिहिलं होतं. तरी टकळीने चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला.

रेकॉर्डिंगवाली ताई गोंधळून म्हणाली, की ही तर यांची भाची आहे, सकाळी यांच्याबरोबरच आली. चाचणीदादाचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला. त्याने टकळीला विचारलं, हे खरं का? तिने होकाराची मान हलवली. मग तू त्या दिवशी हात का नाही वर केलास? तो रागावला नाही, पण त्याचा गोड आवाज गेला. तो म्हणाला, मी तुझ्यासमोर एक नियम सांगितला होता, आठवतो का. घरच्या माणसाचं मत आम्हाला धरता येत नाही. आता तू मला काहीही सांगितलंस, ती बाई आवडते म्हणालीस तरी, मी ते धरू शकत नाही.

टकळीने हात खाली घेतले. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की ताईलाही पुढे वाकावं लागलं.

“मग ते पण धरू नका. तेव्हाही मी भाचीच होते. आणि मला कंटाळा आला नव्हता, मी खोटं सांगितलं.”

चाचणीदादा तिथल्या स्टुलावर बसला. त्याने कप खाली ठेवला आणि आठवून पाहिलं, की बाकीच्या मुलांनी काय काय सांगितलं होतं. लंबूने बटण दाबून दाबून वाक्यं ढकलली होती, ते तर खरंच. बाकीचे? बाकीचे हसले होते. हसण्यापलीकडे त्याने त्यांना काही विचारलंच नव्हतं. बैठकीतही त्याने सांगायला सुरुवात केली होती ती या कोटीनेच, कारण ती सांगताना मजा येत होती. त्याने चष्मा काढला, पण या वेळी पुसायला काही नव्हतं. मग तो म्हणाला, की वाक्यं पुन्हा घालून, ओळखीची नसलेली मुलं बोलावून पुन्हा विचारावं लागेल. त्यांना ती नकोशी झाली तर जातील. तो कसलंही वचन देत नव्हता. शिवाय टकळीच्या सरांना हे कळवावं लागेल, आणि टकळीला इथे पुन्हा खेळायला येता येणार नाही. टकळी बरं म्हणाली. तो वर निघून गेला.

या सगळ्यातलं एक अक्षरही आत गेलं नव्हतं. चाचणीदादाने हात काढल्यापासून बटण कुणी दाबलंच नव्हतं. काचेपलीकडे आत्या कानांवर हेडफोन घेऊन उभी होती. इकडे ओठ हलताना तिला दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. तिने कागद उलटला, पुन्हा सुलटा केला आणि वाट बघत राहिली.

टकळी उठली. तिने ताईला विचारलं, मी दाबू का? ताईने खुर्ची मागे घेतली.

तिने बटण दाबलं. काही मजेदार सुचत होतं, नेहमी सुचतं तसं, ते तिने गिळलं.

“आत्या,” ती म्हणाली, “ते मीच म्हटलं होतं. ती मला थांब म्हणाली तेव्हा मला छान वाटलं होतं. पण ती मोठी मुलं हसावीत म्हणून मी म्हटलं. आणि मग दादाने विचारलं तरी मी तेच धरून ठेवलं. तू घरी सांगितलंस तेव्हाही मी गप्प बसले.”

आत आत्याचे ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, कारण टकळीचं बोट अजून बटणावर होतं. ते तिथे होतं तोवर काहीच ऐकू येणार नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं. तिने थोडा वेळ बोट तसंच दाबून ठेवलं. आत्याचे ओठ पुन्हा हलले.

मग टकळीने बोट उचललं.